मे महिन्यात मोशन सेन्सर आंधळा का होतो? वारंगा फाट्यावरच्या घरात तो नेमका कुठे लावायचा?

नांदेडहून निघालेला रस्ता अर्धापूर मागे टाकून वारंगा फाट्यावर आला की त्याच्या दोन वाटा होतात. एक कळमनुरीवरून हिंगोलीकडे जाते, दुसरी उमरखेड, यवतमाळ करत नागपूरकडे. दोन्ही राष्ट्रीय महामार्ग. त्यामुळे फाट्यावर रस्ता रात्रीही झोपत नाही. ट्रक येतात, थांबतात, जातात.

गावातल्या आतल्या गल्लीत रात्री परका माणूस शिरला तर कुत्री भुंकतात, ओसरीवरून एखादी आजी "कोण हाय रं?" म्हणून विचारते. फाट्यावर तसं होत नाही. तिथे परकी माणसं रोजचीच. कोण कुणाच्या घरामागून चाललंय याकडे कुणाचं लक्ष नसतं.

अशा ठिकाणी घर किंवा दुकान असलेल्या माणसाला घराच्या सुरक्षेचं सामान विकत घ्यावंसं वाटणं साहजिक आहे. त्यातली एक स्वस्त वस्तू म्हणजे मोशन सेन्सर. काही शे रुपयांपासून मिळतो. रीलमध्ये दाखवतात की भिंतीला चिकटवा, ॲप जोडा, झालं काम. चोर आला की सायरन वाजेल आणि फोनवर मेसेज येईल.

पण मराठवाड्यातल्या उन्हाळ्यात हा सेन्सर चुकीच्या भिंतीवर असेल, तर चोर त्याच्या समोरून चालत गेला तरी तो गप्प बसू शकतो. तेही बिघाड नसताना, बॅटरी भरलेली असताना. असं का होतं, आणि मग तो लावायचा कुठे, हे समजून घेऊ.

सेन्सर माणूस बघतच नाही

घरात लावतात त्या बहुतेक मोशन सेन्सरना पीआयआर म्हणतात, म्हणजे पॅसिव्ह इन्फ्रारेड. यातला 'पॅसिव्ह' शब्द महत्त्वाचा. हा सेन्सर स्वतः कुठलाही किरण सोडत नाही. समोरून येणारी उष्णता तेवढी टिपतो.

प्रत्येक गरम वस्तूतून डोळ्यांना न दिसणारे किरण बाहेर पडत असतात. विल्यम हर्शेल या खगोलशास्त्रज्ञाने १८०० साली सूर्यप्रकाशाचे रंग वेगळे करून प्रत्येक रंगात थर्मामीटर धरला, तेव्हा लाल रंगाच्या पलीकडे, जिथे काहीच दिसत नव्हतं तिथेही पारा चढला. तेच हे इन्फ्रारेड किरण. माणसाच्या अंगातूनही ते सतत निघतात.

सेन्सरच्या आत एक छोटासा खास पदार्थ असतो. त्याचं तापमान बदललं की त्यावर विजेचा बारीकसा भार तयार होतो. हा गुण जुन्या काळापासून माहीत आहे. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला डच व्यापाऱ्यांनी श्रीलंकेतून टुरमलिन नावाचे खडे युरोपात नेले. ते तापवले की राख आपल्याकडे ओढून घेत, म्हणून डच लोक त्यांना 'राख ओढणारा' म्हणत. तुमच्या भिंतीवरच्या सेन्सरचं काम याच गुणावर चालतं.

आता मुख्य गोष्ट. सेन्सरमध्ये असे दोन तुकडे शेजारीशेजारी, पण एकमेकांच्या उलट जोडलेले असतात. दोघांवर सारखीच उष्णता पडली तर हिशेब शून्य. एकावर आधी आणि दुसऱ्यावर नंतर पडली, तरच इशारा जातो. सेन्सरच्या तोंडावरचं ते पांढरं, रेघारेघांचं प्लास्टिक म्हणजे भिंग असतं. ते समोरच्या खोलीचे अनेक पट्टे पाडतं. हाताची बोटं फाकवून समोर धरा. बोट म्हणजे सेन्सरला दिसणारा पट्टा आणि दोन बोटांमधली फट म्हणजे न दिसणारा भाग. एखादा माणूस या बोटांना आडवा चालत गेला की तो पट्ट्यात येतो, बाहेर जातो, पुन्हा येतो. त्या चढउतारावरून सेन्सर ठरवतो की काहीतरी हललं.

यातून दोन गोष्टी निघतात आणि पुढचं सगळं त्यावरच उभं आहे.

एक, सेन्सरला माणूस दिसत नाही. माणूस आणि त्याच्या मागची भिंत यांच्या तापमानातला फरक दिसतो.

दोन, तो फरक सेन्सरच्या समोरून आडवा सरकला तर लगेच कळतो. सरळ सेन्सरच्या दिशेने चालत आला तर तो बराच वेळ एकाच पट्ट्यात राहतो आणि उशिरा कळतो.

मग मे महिन्यात काय बिघडतं?

माणसाच्या उघड्या त्वचेचं तापमान साधारण ३३ ते ३५ अंश सेल्सिअस असतं. शरीराच्या आत ३७ असलं तरी बाहेरून थोडं कमी भरतं. कपड्यांनी झाकलेला भाग आजूबाजूच्या हवेच्या आणखी जवळ जातो.

डिसेंबरच्या रात्री खोलीतली भिंत १८-२० अंशांवर असते. माणूस तिच्यापुढे पेटलेल्या दिव्यासारखा उठून दिसतो. सेन्सर लांबूनच पकडतो.

मे महिन्यात याच खोलीचं काय होतं बघा. दिवसभर पारा चाळिशीच्या पुढे असतो. पत्र्याचं छत तापतं, विटांच्या भिंती दिवसभर उष्णता पितात आणि रात्री हळूहळू बाहेर टाकतात. घर बंद असेल, खिडक्या लावलेल्या असतील, तर ती गरमी आतच कोंडते. रात्री दहा-अकराला बाहेर वारं सुटलेलं असतं, पण बंद घरातल्या भिंती ३४-३५ अंशांवरच असू शकतात. म्हणजे भिंत आणि माणूस जवळपास सारखे. फरक संपला की सेन्सरला बघायला काही उरतच नाही.

दुपारी भिंत ४० वर गेली तर उलट माणूस भिंतीपेक्षा थंड दिसतो आणि सेन्सर पुन्हा काम करू लागतो, कारण त्याला फक्त फरक हवा असतो. अडचण आहे ती साधारण ३२ ते ३७ अंशांच्या मधल्या टप्प्याची. उन्हाळ्यात बंद घर रात्रीचे कित्येक तास नेमकं याच टप्प्यात असतं.

आणि हाच काळ घर रिकामं राहण्याचा. लग्नसराई असते, पोरांना सुट्ट्या असतात, माणसं मामाच्या गावाला जातात. जे घरी असतात ते गच्चीवर किंवा अंगणात झोपतात आणि खाली खोल्यांना कुलूप असतं. लग्नासाठी काढलेले दागिने कपाटात असतात. हिंगोली जिल्ह्यात तर हळद काढून, शिजवून, वाळवून विकायचा हंगामही साधारण याच महिन्यांत येतो. घरात माल असतो, नाहीतर मालाचे पैसे असतात.

थोडक्यात, ज्या रात्री सेन्सरची गरज सर्वांत जास्त, त्याच रात्री त्याची नजर सर्वांत कमी. यावर उपाय आहे, पण तो जागा निवडताना करावा लागतो.

एक घर डोळ्यांसमोर आणू

हायवेलगत सहसा दिसतं तसं एक घर समजू. समोर रस्त्याच्या बाजूला शटरचा गाळा, त्यात किराणा किंवा खताचं दुकान. गाळ्यामागे मधली खोली, तिथे कपाट आणि देवघर. तिच्या मागे स्वयंपाकघर. मग मागचं दार, छोटं अंगण, कोपऱ्यात संडास-न्हाणी. अंगणातून वर गच्चीला जिना. गाळ्यावर स्लॅब, मागच्या खोल्यांवर पत्रे.

अशा घरात शिरायच्या वाटा मोजक्याच. समोरचं शटर, मागचं दार, कूलर बसवलेली खिडकी, आणि पत्रे. बातम्यांमध्ये आपण नेहमी वाचतो ना, 'कडीकोयंडा तोडून', 'शटर उचकटून', 'पत्रा उचकटून'. वाट कुठलीही असो, चोराला शेवटी जायचं असतं कपाटापाशी किंवा गल्ल्यापाशी. म्हणून पहिला नियम असा: प्रत्येक दाराला एक सेन्सर लावत बसण्यापेक्षा, सगळ्या वाटा जिथे एकत्र येतात ती जागा धरा. या घरात ती जागा म्हणजे मधली खोली.

मधल्या खोलीत कुठल्या भिंतीवर?

बहुतेक जण दारासमोरच्या भिंतीवर सेन्सर लावतात. वाटतं, दारातून येणारा सरळ समोर दिसेल. पण तिथे चोर सेन्सरच्या दिशेने सरळ चालत येतो, म्हणजे सेन्सरची सगळ्यात कमजोर बाजू. त्यापेक्षा दार आणि कपाट यांच्यामधल्या वाटेच्या बाजूला, आडव्या भिंतीच्या कोपऱ्यात लावा. दारातून कपाटाकडे जाणाऱ्या माणसाला सेन्सरच्या समोरून आडवं जावंच लागेल. तापमानातला फरक कमी असताना ही आडवी चालच तुमच्या कामी येते.

उंची साधारण सात ते साडेसात फूट. त्यापेक्षा खाली लावला तर मांजर दिसतं आणि सामानाची आड येते. फार वर लावला तर बरोबर खालची जागा सुटते, आणि पत्र्याच्या घरात आणखी एक त्रास होतो. पत्र्यालगतची हवा सगळ्यात गरम आणि सगळ्यात जास्त हलणारी असते. छताजवळ लावलेला सेन्सर स्वतःच तापतो. म्हणून पत्र्यापासून जितका लांब ठेवता येईल तितका बरा.

भिंत निवडताना ऊन बघा. पश्चिमेची भिंत दुपारभर तापते आणि रात्री उशिरापर्यंत गरम राहते. सेन्सर तिच्यावर लावू नका आणि त्याचं तोंडही तिच्याकडे करू नका. घराच्या आतली, दोन खोल्यांमधली भिंत सगळ्यात स्थिर असते. तिच्यावर थेट ऊन पडत नाही. सेन्सरच्या समोर, म्हणजे माणसाच्या पाठीमागे, अशी भिंत असेल तर उन्हाळ्यातही फरक थोडा जास्त राहतो. स्लॅबखालची किंवा शहाबादी फरशीची थंड खोली असेल तर ती आणखी चांगली.

सेन्सर विकत घेताना दुकानदाराला एक प्रश्न नक्की विचारा: यात टेंपरेचर कॉम्पेन्सेशन आहे का? म्हणजे खोली तापली की सेन्सर आपोआप स्वतःची संवेदनशीलता वाढवतो का? चांगल्या सेन्सरमध्ये ही सोय असते आणि खोक्यावर तसं लिहिलेलं असतं. चमत्कार होत नाही, पण आपल्याकडच्या हवेत ही सोय असलेलाच घ्यावा.

उष्णतेशी घेणंदेणं नसलेला साथीदार

उन्हाळ्याची खरी भरपाई करतो तो दुसराच, अगदी साधा सेन्सर: दाराचा चुंबकी सेन्सर. एक तुकडा चौकटीवर, दुसरा दाराच्या फळीवर. दार उघडून दोघं लांब गेले की सायरन. याला मे महिना काय आणि डिसेंबर काय, सारखंच. मागच्या दाराला आणि शटरला तो लावाच.

शटरला लावताना खालच्या पट्टीच्या मध्यभागी लावा, कडेला नको. शटर उचकटताना ते बऱ्याचदा मधून वर वाकवतात. दोन्ही टोकं कुलुपात जागच्या जागी राहतात आणि कडेला लावलेल्या सेन्सरला काही कळतच नाही. शटरसाठी जाड धातूचा वेगळा सेन्सर मिळतो, दाराचा प्लास्टिकचा तिथे टिकत नाही.

पण चुंबकी सेन्सर एकटा पुरत नाही. पत्रा उचकटून कुणी आत उतरला तर दार उघडलेलंच नसतं. तिथे मधल्या खोलीतला मोशन सेन्सर लागतो. म्हणजे दोघांची जोडी हवी, एकाच्या जागी दुसरा नाही.

'ड्युअल' सेन्सर घेतला तर?

बाजारात ड्युअल किंवा ड्युअल-टेक नावाचे महाग सेन्सर मिळतात. त्यात पीआयआरसोबत मायक्रोवेव्ह सेन्सरही असतो. तो स्वतः लहरी सोडतो, बहुतेकदा १० किंवा २४ गिगाहर्ट्झच्या आसपास, आणि परत आलेली लहर बदलली का ते तपासतो. हायवेवर हॉर्न वाजवत येणारा ट्रक आपल्याला ओलांडून गेला की हॉर्नचा आवाज एकदम खाली उतरतो. तेच तत्त्व इथे लहरींना लागू होतं. म्हणून मायक्रोवेव्हला सरळ अंगावर येणारी चाल छान कळते, आडवी कमी. पीआयआरच्या अगदी उलट.

यात हायवेलगतच्या घरांसाठी दोन धोके आहेत. पहिला, या लहरी काचेतून, प्लायवूडमधून आणि पातळ भिंतीतूनही पलीकडे जातात. गाळ्यात लावून तोंड रस्त्याकडे केलं तर खिडकीच्या काचेतून किंवा लाकडी दारातून त्याला बाहेरची वाहनंही जाणवू शकतात. लोखंडी शटर लहरी अडवतं, पण ट्रकच्या वाऱ्याने शटर खडखडलं तरी त्याला ती हालचाल वाटते. तोंड नेहमी घराच्या आतल्या बाजूला हवं.

दुसरा धोका कमी लोकांना माहीत असतो. बहुतेक ड्युअल सेन्सर दोन्ही भागांनी 'हो' म्हटलं तरच सायरन वाजवतात. त्यामुळे खोटे सायरन कमी होतात, हे खरं. पण मे महिन्यात पीआयआरनेच 'हो' म्हटलं नाही, तर मायक्रोवेव्हने चोर पकडूनही सायरन वाजणार नाही. महाग सेन्सर घेतला म्हणून उन्हाळ्याचा प्रश्न आपोआप सुटत नाही. जागेचे नियम त्यालाही लागू.

हळदीची पोती आणि सेन्सर

पीआयआरला पोत्यापलीकडचं, पडद्यापलीकडचं, कपाटापलीकडचं काही दिसत नाही. साध्या काचेपलीकडचंही नाही, कारण माणसाच्या अंगातून निघणारे किरण काचेतून पार होत नाहीत. त्यामुळे 'खिडकीतून अंगणावर लक्ष ठेवेल' म्हणून आत काचेमागे लावलेला सेन्सर अंगणातलं काहीच बघत नाही.

आपल्याकडे खरी गंमत हंगामात होते. सेन्सर बसवला तेव्हा, समजा श्रावणात, खोली रिकामी होती. ऑक्टोबरात सोयाबीनची थप्पी लागली. एप्रिलमध्ये हळदीची पोती छताला टेकली. आता सेन्सर बसलाय तिथेच, दिवा लुकलुकतोय, पण त्याच्या समोर सहा इंचांवर पोतं आहे. तो रात्रभर तागाकडे बघतो. माल ठेवायच्या खोलीत सेन्सर लावायचा असेल तर थप्पीच्या वाटेवर, दाराच्या आतल्या कोपऱ्यात लावा आणि तेवढी वाट हंगामातही मोकळी ठेवा.

सायरन उगाच वाजतो तेव्हा

खोटा सायरन ही छोटी गोष्ट नाही. लांडगा आला रे आला असं चार वेळा झालं की पाचव्या वेळी कुणी उठत नाही. त्याहून वाईट म्हणजे वैतागून घरातलंच कुणीतरी वायर काढून ठेवतं. आपल्याकडे सायरन उगाच वाजायची नेहमीची कारणं ही:

• कूलर. गार हवेचा झोत थेट सेन्सरवर आला किंवा त्याच्यासमोर पडदा हलवत राहिला तर तापमान वरखाली होतं. सेन्सर झोताच्या रेषेत नको.

• देवघर आणि चूल. समई, गॅस, चूल, इन्व्हर्टर यांच्याकडे सेन्सरचं तोंड नको.

• पाल आणि कोळी. दहा फुटांवरची पाल सेन्सरला कळत नाही, पण भिंगावरच बसलेली पाल त्याला मोठी दिसते. किडे बहुतेकदा वायरच्या भोकातून आत शिरतात. ते भोक सिलिकॉनने बुजवा आणि महिन्यातून एकदा भिंग सुक्या मऊ कपड्याने पुसा.

• मांजर. 'पेट इम्यून' लिहिलेला सेन्सर खालून जाणारं मांजर सोडून देतो. तेच मांजर पोत्यांच्या थप्पीवर चढून सेन्सरच्या उंचीला आलं तर नाही.

• घरचीच माणसं. मागच्या अंगणात संडास असेल तर आजी-आजोबा रात्री उठणारच. त्यांच्या वाटेवरचा सेन्सर रात्री घरात माणसं असताना बंद आणि बाकीचे चालू, अशी सोय बहुतेक अलार्ममध्ये असते. बसवणाऱ्याकडून ती करून घ्या आणि घरातल्या प्रत्येकाला शिकवा.

अंगणात घरातला साधा पीआयआर लावू नका. ऊन, पाऊस, कुत्री, हलणाऱ्या फांद्या, सगळ्यांनाच तो चोर समजेल. अंगणात सेन्सरवर लागणारा दिवा बरा. कुत्र्यासाठी दिवा लागला तर बिघडत काही नाही, आणि माणसासाठी लागला तर तो दिसतो. दिवा बाहेर, सायरन आत, अशी वाटणी ठेवा.

जमीन हादरली तर?

हिंगोलीकरांचा हा प्रश्न वाजवी आहे. २१ मार्च २०२४ आणि १० जुलै २०२४ या दोन्ही दिवशी सकाळी जिल्ह्यात ४.५ तीव्रतेचे धक्के बसले आणि शेजारच्या नांदेड, परभणीतही ते जाणवले. पीआयआरला भूकंप कळत नाही, कारण त्यात उष्णता सरकत नाही. पण तो सैल क्लिपवर लटकत असेल तर स्वतः हलतो आणि त्याला सगळी खोलीच हलल्यासारखी दिसते. म्हणून चिकटपट्टीवर विसंबू नका, दोन स्क्रूंनी पक्का बसवा. तिजोरीला किंवा शटरला लावतात ते व्हायब्रेशन सेन्सर मात्र धक्क्यानेही वाजतील आणि जड ट्रकच्या थरथरीनेही. हायवेलगत ते लावायचे तर संवेदनशीलता कमी करूनच.

वाजला, पण ऐकणार कोण?

सेन्सर चोर अडवत नाही, तो फक्त ओरडतो. ते ओरडणं कुणाच्या तरी कानावर पडलं पाहिजे.

उन्हाळ्यात सगळे गच्चीवर झोपत असाल तर एक सायरन गच्चीवर हवा. खालच्या बंद खोलीत वाजणारा सायरन ट्रकच्या आवाजात वर ऐकू येईलच असं नाही. रात्री बाजूचे गाळे बंद असतात, त्यांचे मालक गावात झोपलेले असतात. त्यामुळे फोन लावणारा अलार्म घ्यावा आणि त्यात एक नंबर जवळच्या शेजाऱ्याचा असावा. पुण्यात शिकणाऱ्या मुलाच्या मोबाइलवर आलेला मेसेज त्याला काळजीत टाकेल, पण तो तिथून धावत येऊ शकत नाही.

फोन लावणाऱ्या अलार्ममध्ये सिमकार्ड असतं. त्याचं रिचार्ज संपलं की अलार्म मुका होतो आणि तसं सांगतही नाही. फोनमध्ये रिचार्जच्या तारखेची आठवण लावून ठेवा. स्वस्त अलार्म बऱ्याचदा फक्त टूजीवर चालतात. जिओचं नेटवर्क टूजी नसल्यामुळे त्यात जिओचं सिम चालणार नाही. घेण्याआधी हे विचारा. वायफायवर चालणारा असेल तर लाइट गेल्यावर राउटरही बंद होतो, म्हणून राउटर इन्व्हर्टरवर ठेवा. अलार्मची स्वतःची बॅटरीही उन्हाळ्यात लवकर दमते, दर दोन-तीन महिन्यांनी मेन स्विच बंद करून तपासा.

राज्यातल्या अनेक गावांत 'ग्राम सुरक्षा यंत्रणा' आहे. तिच्या टोल फ्री नंबरवर फोन केला की तो आवाज गावातल्या नोंदणी केलेल्या सगळ्या मोबाइलवर एकाच वेळी जातो. तुमच्या गावात ती चालू आहे का, हे ग्रामपंचायतीत किंवा पोलीस ठाण्यात विचारून नाव नोंदवा. पोलिसांसाठी ११२.

आणि सायरन वाजल्यावर एकट्याने काठी घेऊन अंधारात आत शिरू नका. बाहेरचे दिवे लावा, आरडाओरडा करा, शेजारी उठवा, ११२ ला फोन करा. चोरी झालीच असेल तर पोलीस येईपर्यंत कपाट, कुलूप, कडी कशालाच हात लावू नका, ठसे जातात.

चालून बघा, तेही मे महिन्यात

सेन्सर बसवणारा माणूस जाताना एकदा हात हलवून दाखवतो, लाल दिवा लागतो, आपण पैसे देतो. ही परीक्षा नव्हे. खरी परीक्षा अशी करा.

उन्हाळ्यातला एक दिवस निवडा. संध्याकाळी दारं-खिडक्या लावून खोली तीन-चार तास बंद ठेवा. रात्री दहाच्या पुढे सायरन बंद करून फक्त सेन्सरचा दिवा चालू ठेवा. बऱ्याच सेन्सरमध्ये 'वॉक टेस्ट'ची सोय असते. बॅटरीचा वायरलेस सेन्सर एकदा इशारा दिल्यावर थोडा वेळ झोपतो, म्हणून दोन फेऱ्यांमध्ये काही मिनिटं थांबा. मग घरातल्या एकाला पूर्ण बाह्यांचा शर्ट घालून, डोक्याला रुमाल बांधून, मागच्या दारातून कपाटापर्यंत हळूहळू चालायला सांगा. दुसऱ्याने दिवा बघायचा. कितव्या पावलावर लागतो ते मोजा.

तीन-चार पावलांत लागला तर जागा बरोबर आहे. कपाटापर्यंत पोचूनही लागला नाही तर सेन्सर फेकू नका, आधी जागा बदला: बाजूची भिंत, पत्र्यापासून खाली, पश्चिमेच्या भिंतीकडे पाठ आणि तोंड दोन्ही नको. पुन्हा चाला. खोली मोठी असेल तर दोन कोपऱ्यांत दोन सेन्सर लावा, म्हणजे एकाला सरळ वाटणारी चाल दुसऱ्याला आडवी पडेल.

गावाला निघण्याआधी एवढं बघून घ्या

१. मधल्या खोलीतला सेन्सर वाटेला आडवा आहे, दाराच्या समोरासमोर नाही.

२. त्याच्यासमोर पोती, पडदा, नवीन कपाट आलेलं नाही.

३. मागच्या दाराला आणि शटरच्या मध्यभागी चुंबकी सेन्सर आहे.

४. सिमचं रिचार्ज परत येईपर्यंत पुरतं.

५. मेन स्विच बंद करूनही अलार्म चालतो.

६. ज्या शेजाऱ्याचा नंबर टाकलाय त्याला तसं सांगितलंय, आणि मागच्या अंगणाची चावीही त्याच्याकडे आहे.

सहावी गोष्ट सगळ्यात जास्त वेळा राहून जाते. रात्री अडीच वाजता अनोळखी नंबरवरून रेकॉर्ड केलेला आवाज आला तर शेजारी तो कंपनीचा फोन समजून कट करतो. म्हणून निघायच्या आदल्या दिवशी त्याच्यासमोरच एकदा सायरन वाजवा, त्याच्या मोबाइलवर फोन जाऊ द्या आणि तो नंबर तुमच्या नावाने सेव्ह करून घ्या.